एकूण हयात सत्तावीस

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद, नेहमीइतकेच. इकडे आम्ही उभयता ठीक. तुझ्या काकूचा गुडघा आणि आमचा जिना यांचं भांडण अजून मिटलेलं नाही, पण दोघंही आपापल्या जागेवर आहेत.

पत्रास कारण की मोजणी पूर्ण झाली. खानेसुमारीच्या कचेरीतून निवृत्त झालेली माणसं बागकाम करतात किंवा आजारी पडतात. मी आपल्या आडनावाची माणसं मोजायला घेतली, हे तुला ठाऊक आहे. मतदारयाद्या, दूरध्वनीच्या जुन्या वह्या, शाळांचे दाखले आणि मी स्वतः घातलेली एकशे चाळीस पत्रं, यांतून साडेतीन वर्षांनी आकडा हाती आला. एकूण हयात सत्तावीस. तुलनेसाठी सांगतो, आमच्या गल्लीत कुत्री एकतीस आहेत.

या सत्ताविसांपैकी सव्वीस आपल्या, म्हणजे घराण्याच्या धाकट्या पातीतली. सत्ताविसाव्या बाई थोरल्या पातीच्या. वय ब्याऐंशी, लग्न केलेलं नाही, पोहणं शिकवण्याच्या नोकरीतून निवृत्त, गाडीने चार तासांवर राहतात. त्यांना मी तीन पत्रं घातली, तेव्हा एक कार्ड आलं. त्यावर ‘मी एकटीच आहे’ एवढंच होतं. माहिती नेमकी असल्यामुळे तशीच नोंदवली.

आता या सगळ्याचं पुस्तक करायचं आहे, आणि त्याच्या प्रस्तावनेत आपलं मूळ येईल. पुलाजवळचं तराजूचं दुकान आपल्या पूर्वजांचं. दुकान थोरल्या पातीकडे राहिलं आणि धाकट्या पातीचे माझे बाबा, म्हणजे तुझे आजोबा, कारखान्याच्या भांडारात नोकरीला लागले. पण जीव दुकानात. मी अकरा वर्षांचा होईपर्यंत दर शनिवारी दुपारी ते कोट चढवत आणि तराजूचं बघून येतो म्हणून निघत. पुढे दुकान बंद झालं आणि थोरली पाती शहर सोडून गेली. बाबा स्वतः या विषयावर कधी एक शब्द बोलले नाहीत, त्यावरून तो त्यांच्या किती जिव्हाळ्याचा होता ते कळतं. प्रस्तावनेला ‘तोलून वागणारं घराणं’ असं नाव दिलं आहे.

तक्त्याचे नियम साधे आहेत. माणूस तक्त्यात येतं ते जन्माने किंवा लग्नाने, आणि जातं ते मृत्यूने. आणखी दार नाही. शिवाय, वरचंच खाली असलं म्हणून दोन रेघा ओढून मोकळं व्हायचं, हा घरोघर मोजायला जाणाऱ्या गणकांचा आळशीपणा मी कुठेही केलेला नाही. छत्तीस वर्षं तपासनीस असताना असले रेघांचे कागद मी परत पाठवत आलो. ‘खुणा नकोत, अक्षरं लिहा’ असा शिक्काच मी पदरचे पैसे घालून करून घेतला होता. तो अजून टेबलावर आहे. काकू त्याखाली किराणा मालाची यादी ठेवते.

तुझ्याकडे एक काम आहे. बाबांची पत्र्याची पेटी माझ्या भावाकडे होती, ती त्याच्या मागे तुझ्याकडे आली. तीत काही जुने कागद असतील तर पाठव. प्रस्तावनेला पुरावा असावा.

लोभ आहेच. तो मोजलेला नाही.

तुझा,
काका


१७ फेब्रुवारी

ती. काकांस,

सा. न. वि. वि. सत्तावीस वाचून बरं वाटलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा आपण जास्त निघालो. दूरध्वनीवर आडनाव सांगितलं की समोरचा पुन्हा विचारतो, पुन्हा सांगितलं की आणखी एकदा विचारतो, आणि मग मीच दुसरं एखादं सोपं आडनाव सांगून टाकते. माझी दोन पार्सलं आणि एक चष्मा अशा सोप्या माणसांच्या नावावर आहेत.

पेटी या रविवारी उघडते. किल्ली सापडत नाही, पण कारखान्यात कानस आहे. भिंगं घासून घासून आता काहीही घासायला हात शिवशिवतात.

आमच्या घरात कुठे चाललात याचं उत्तर द्यायचं नसलं की अजूनही तराजूचं बघून येतो म्हणायची रीत आहे. बाबा न्हाव्याकडे जातानाही तेच म्हणायचे. आता आमच्या मुंगीने ते उचललं आहे. परवा ती तास चालू असताना वर्गातून उठून निघाली. बाईंनी विचारलं कुठे, तर म्हणाली तराजूचं बघून येते. मला शाळेत बोलावणं आलं.

मुंगीबद्दलच लिहायचं आहे. तिची आई अकरा वर्षं माझ्या शेजारच्या चाकावर बसून भिंगं घासत होती आणि मागच्या वर्षी गेली, हे तुम्हांला माहीत आहे. तिचं आणखी कुणी नाही हेही माहीत आहे. तेव्हापासून मुलगी माझ्याकडे राहते ती तात्पुरत्या परवान्यावर, आणि तो परवाना तीस एप्रिलला संपतो. मी दत्तक घेण्याचा अर्ज केला आहे. वय एक्केचाळीस आणि घरात एकटी, हे पाहून कचेरीतल्या बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. मग म्हणाल्या, तुमच्या जवळच्या नात्यातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाचं एक पत्र आणा, म्हणजे मुलीच्या मागे घर आहे हे दिसेल. छापील नमुना सोबत आहे. खाली सही करायची आहे, एवढंच.

सही नसली तर अर्ज ऑक्टोबरच्या बैठकीत जाईल, आणि तोवर मुंगीला बालगृहात राहावं लागेल. हे मी तिला सांगितलेलं नाही. तिला कळलं असावं, कारण तिने विचारणं बंद केलं आहे.

काकूला नमस्कार. गुडघ्याला जिंकू देऊ नये असा माझा निरोप सांगा. लोभ असावा, आणि या खेपेला थोडा सहीच्या रूपाने असावा.

तुमची,
भिंगरी


२३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. पत्र पावलं. नमुना दोनदा वाचला.

त्यात मजकूर असा आहे: ‘सदर मुलगी ही आमच्या कुटुंबातली आहे असे मी प्रमाणित करतो.’ आता तूच सांग, हे मी कसं प्रमाणित करू. ती कुटुंबातली व्हावी म्हणून अर्ज आहे, आणि अर्जाला पुरावा म्हणून ती कुटुंबातली आहे असं मी लिहून द्यायचं. नसलेली गोष्ट असलेली म्हणून लिहिणं याला आमच्या कचेरीत खोटी नोंद म्हणत. अशा नोंदीपायी मी चार गणकांना घरी बसवलं आहे. त्यांतला एक माझ्या मावसभावाचा मेहुणा होता. त्या घरी माझं जाणंयेणं तेव्हापासून नाही.

मुलीबद्दल माझा काही आक्षेप नाही, हे नीट समजून घे. आमच्याकडे दोन दिवस होती ती शहाण्यासारखी वागली. तिने आमच्या जिन्याच्या पायऱ्या मोजून एकोणीस सांगितल्या. मी तीस वर्षं अठरा धरून चाललो होतो. ती गेल्यावर परत मोजल्या. एकोणीस आहेत. अशी नजर सहसा मिळत नाही. तिच्या शाळेला, कपड्यांना, आजारपणाला मी उभा आहे. पण तक्त्याला दारं दोनच, जन्म आणि लग्न. तू म्हणशील, काकूही बाहेरचीच. खरं आहे, पण ती लग्नाच्या दाराने आली. मुलीसाठी भिंत फोडली तर उद्या कोणीही आत येईल आणि मग सत्तावीस या आकड्याला काही अर्थ राहणार नाही.

तेव्हा सहीचं जमणार नाही. रागावशील. राग ओसरल्यावर पेटीतले कागद पाठव.

तुझा,
काका

ता. क. काकूने हे पत्र वाचून माझा चहा टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवला आहे.


४ मार्च

ती. काकांस,

सा. न. वि. वि. पत्र मिळालं. तुमच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही हे बाबा सांगायचे, आणि तरी जन्मभर घालायचे. मी त्यांच्याइतकी चिवट नाही. अर्जावर ज्येष्ठांचं पत्र मिळालं नाही असं लिहून देईन.

पेटी उघडली. आत एक कोट, भांडाराच्या किल्ल्यांचं रिकामं कडं, आणि मेणकापडात गुंडाळलेला एकच कागद. तराजूच्या दुकानाची छापील पावती आहे. वर आपलं आडनाव आहे म्हणून आधी मला आनंद झाला. मग खालचं वाचलं. अक्षर फिकट झालंय, पण भिंगाखाली स्पष्ट दिसतं. ‘तराजू एक, पितळी. डावं पारडं खाली जातं. दुरुस्तीसाठी ठेवून घेतला.’ आणि खाली छापलेलं, ‘पावती दाखवल्याशिवाय माल परत मिळणार नाही.’

गिऱ्हाइकाच्या जागी आजोबांचं नाव आहे. पण त्यापुढे आडनाव भलतंच आहे, मी कधी न ऐकलेलं. धंद्याच्या जागी ‘फिरता विक्रेता, खिळेमोळे’ असं लिहिलंय. आजोबांच्या नावाचा हा दुसरा माणूस कोण, आणि त्याची पावती आजोबांनी एवढी जपून का ठेवली, ते तुम्हीच शोधा. तारीख पावतीवर आहे. कागद मूळचा आहे, नक्कल नाही. तुमच्यासारख्याला नक्कल पाठवणं म्हणजे अपमान.

मुंगी ठीक आहे. लोभ असू द्या.

भिंगरी


१९ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद गं. काकांचं पत्र येईल म्हणून वाट पाहत असशील, म्हणून मीच लिहायला घेतलं. दवाखान्यात औषधं देत होते तेव्हा बाटलीवर चार शब्द लिहायची सवय होती. त्यापलीकडे माझा हात चालत नाही, तेव्हा सांभाळून घे.

तुझी पावती आली त्या दिवशी ह्यांनी ती उजेडाला धरून पाहिली, तारीख वाचली, आणि जेवताना एकदम म्हणाले की ही तारीख खानेसुमारीच्या आधीची आहे, बरोबर तीन दिवस. मी म्हटलं, असेल. हे म्हणाले, असेल नाही, आहे. चौथ्या दिवशी कोट घालून कचेरीत गेले. जुने कागद तळघरात असतात आणि तिथला कारकून म्हणजे ह्यांच्याच हाताखालचा. नोकरीत असताना ह्यांनी त्याचे चाळीस कागद एकदम परत पाठवले होते. तो विसरला नव्हता. त्याने ह्यांना रीतसर अर्ज लिहायला लावला आणि दोनदा परत दिला, एका रकान्यात नुसती आडवी रेघ मारली म्हणून. हे घरी येऊन म्हणाले, चांगला तयार झालाय.

तिसऱ्या खेपेला कागद दाखवला त्याने. काय निघालं ते हे स्वतः लिहितील. मला एवढंच कळलं की तुझे आजोबा खिळे विकणारे एक गिऱ्हाईक होते, आणि सरकारी नोंदीप्रमाणे मुलगी होते.

त्या संध्याकाळी ह्यांनी दारावरची पाटी काढली. पुसायला काढली असेल असं मला वाटलं. दोन दिवस लावलीच नाही. टपालवाला आमची पत्रं शेजारी टाकून गेला. विचारलं तर म्हणाले, दार कोणाचं आहे याची खात्री होईपर्यंत पाटी लावणं बरोबर नाही. तेव्हा मात्र मी सांगितलं, मी हे आडनाव सेहेचाळीस वर्षं वापरतेय. दवाखान्याच्या रजिस्टरात रोज दोनशे वेळा सही केली आहे त्या नावाने. उसनं असलं तरी आता माझ्या अंगाला बसलंय. तुम्हांला तुमचं परत करायचं तर करा, माझं मी देणार नाही. त्यावर ह्यांनी पाटी लावली. थोडी तिरकी लागली आहे.

मुंगीचं विसरलेले नाहीत. तो छापील नमुना रोज खणातून काढतात, वाचतात आणि आत ठेवतात. तीस एप्रिल ही तारीख मी भिंतीवर लिहून ठेवली आहे.

तुझी,
काकू


२१ मार्च

आदरणीय बाईंस,

स. न. वि. वि. यापूर्वी मी आपल्याला तीन पत्रं पाठवली. त्यांत मी स्वतःला आपल्या धाकट्या पातीचा म्हटलं होतं. ते विधान मी या पत्राने मागे घेतो.

एकोणऐंशी वर्षांपूर्वीच्या खानेसुमारीत आपल्या वडिलांच्या दुकानाचा कागद मी स्वतः पाहिला. पहिल्या ओळीत आपले वडील, कुटुंबप्रमुख. दुसऱ्या ओळीत आपल्या आई, पत्नी. तिसऱ्या ओळीत आपण, मुलगी, वय तीन. चौथ्या ओळीत माझ्या वडिलांचं नाव, वय चोवीस. आडनावाच्या रकान्यात वरचंच खाली अशा दोन रेघा. नात्याच्या रकान्यातही दोन रेघा. त्यामुळे माझे वडील आपल्या घरची दुसरी मुलगी झाले. पुढच्या रकान्यात मात्र गणकाने कष्ट घेऊन ‘पुरुष’ असं लिहिलं आहे.

सोबतच्या पावतीच्या नकलेवरून दिसेल की ते आपल्या दुकानात तराजू दुरुस्तीसाठी घेऊन आले होते. काम झालं नसावं, म्हणून थांबले असावेत. त्या दिवशी दुकानात जेवढी माणसं होती तेवढी गणकाने एका घरात घातली. तपासनिसाने हा कागद परत पाठवायला हवा होता. पाठवलेला नाही.

त्या नोंदीची चिठ्ठी दाखवूनच वडिलांना कारखान्यात नोकरी मिळाली, हे त्यांच्या नोकरीच्या कागदांवरून मी ताडून पाहिलं. त्यांनी चूक सांगितली नाही. मलाही सांगितली नाही. त्यामुळे आज सव्वीस माणसं आपलं आडनाव लावतात. त्यांतल्या दोघांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या आहेत आणि एकाने दंडावर गोंदवून घेतलं आहे.

आपण या आडनावाच्या एकमेव खऱ्या धारक आहात. ते आम्ही वापरत राहावं की कसं, याचा निर्णय आपला. गोंदवलेल्याचं काय करायचं ते मला सुचत नाही.

कळावे. आपल्या उत्तरापर्यंत माझं पुस्तक थांबवलं आहे.

आपला,
(नाव पाकिटावर आहे, सध्या तेच समजावं)


२७ मार्च

ती. काकूस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि एकदा मुंगीला वाचून दाखवलं. आजोबा मुलगी होते हे ऐकून तिने विचारलं की मग ते मोठे होऊन कोण झाले. मी म्हटलं, भांडारपाल. तिला ते पटलं.

बालगृहातून चिठ्ठी आली. पलंग क्रमांक एकवीस ठरला आहे. बरोबर दोन कपडे, एक पांघरूण आणि एकच खेळणं आणायचं. काल तिने सगळी खेळणी ओळीने मांडली आणि एकेक उचलून परत पेटीत टाकत गेली. शेवटी एकही उरलं नाही. मग म्हणाली, तिथे पायऱ्या किती आहेत ते विचारून ठेव.

काकांना हे सांगू नकोस असं लिहिणार होते. पण तू पत्र त्यांच्यासमोरच उघडतेस, तेव्हा राहू दे. माझा राग नाही, हेही त्यांनी वाचलं तर चालेल. आहे, पण तेवढा नाही.

तुझी,
भिंगरी


२ एप्रिल

रा. रा. तपासनीस यांस,

नमस्कार. मला पत्रं लिहायची सवय नाही. चाळीस वर्षं पाण्यात काढली, तिथे तोंड मिटून ठेवावं लागतं.

आधीच्या पत्रांत तुम्ही पाती आणि वंशवृक्ष असं काय काय लिहिलं होतं. ते मला कळलं नाही, म्हणून कार्ड टाकलं. या वेळचं कळलं.

तुमचे वडील गिऱ्हाईकच होते. आमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं. गणक आला तेव्हा आमचं घर गल्लीतलं शेवटचं होतं, त्याच्या पायात बूट चावत होते आणि त्याला घरी जायचं होतं. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी पाहून तुमचे वडील घाबरले आणि दुरुस्त करून आणतो म्हणाले. माझे वडील म्हणाले, शाईने लिहिलंय, राहू द्या, आपल्या नावाची माणसं तशीही कमीच आहेत. मला घरात सांगितलं होतं की ही तुझी बहीण. पाच वर्षांची होईपर्यंत मी ते खरं मानत होते. तिला मिशा होत्या एवढंच.

आता तराजूचं. डावं पारडं खाली जात होतं. साखळीची एक कडी वाढली होती. दहा मिनिटांचं काम. माझ्या वडिलांनी ते केलं नाही. तुमचे वडील शनिवारी यायचे, झाला का विचारायचे. माझे वडील पुढच्या शनिवारी म्हणायचे. मग दोघं दिवे लागेपर्यंत सोंगट्या खेळत बसायचे. असं पुष्कळ वर्षं चाललं. एकदा आई वैतागून म्हणाली की एवढं काम करून टाका की. वडील म्हणाले, केलं तर तो घेऊन जाईल. आणि तुमच्या वडिलांनी तोवर शंभर तराजू दुरुस्त होताना पाहिले होते. त्यांना ती कडी काढता आली असती. त्यांनी कधी हात लावला नाही.

आम्ही शहर सोडलं तेव्हा वडिलांचं दुखणं सुरू झालं होतं. तराजू बरोबर आणला. अजून माझ्या कपाटात आहे, चिठ्ठी बांधलेली. न्यायचा तर या. पावती मूळची आणा, नक्कल चालणार नाही. तो वडिलांचा नियम होता आणि मी मोडणार नाही.

आडनाव वापरत राहा. मी एकटी किती वापरणार.

गोंदवलेल्याला माझा नमस्कार सांगा.

तुमची,
थोरली बहीण म्हणायला हरकत नसावी. वयाने तीच शोभते, पण कागदावर तुमचे वडील माझी बहीण आहेत, म्हणजे मी आत्या, तेव्हा काय ते तुम्हीच ठरवा. तुमचं खातं.


७ एप्रिल

चि. भिंगरीस,

आशीर्वाद, नेहमीपेक्षा थोडे जास्त. बाईंच्या पत्राची नक्कल सोबत आहे. ती आधी वाच, मग हे.

वाचलंस असं धरून पुढे लिहितो. मी तीन दिवस तक्ता समोर ठेवून बसलो होतो. माझ्या नियमाप्रमाणे, म्हणजे जन्म आणि लग्न एवढीच दारं ठेवली, तर आपल्या आडनावाचं आज एकच माणूस हयात आहे, आणि ते चार तासांवर राहतं. त्या गणकाच्या नियमाप्रमाणे, म्हणजे मोजायला गेलो तेव्हा घरात जो होता तो घरचा, असं धरलं, तर एकूण अठ्ठावीस होतात. सत्तावीस हा आकडा कुठल्याच नियमाने येत नाही. साडेतीन वर्षं मी चुकीचा आकडा घेऊन बसलो होतो. काकूच्या मते हे कोणीही पहिल्या दिवशी सांगितलं असतं. मी तिला विचारलं नव्हतं, हे मान्य आहे.

एक आणि अठ्ठावीस यांतून मला निवड करायची होती. एक धरला असता तर पुस्तक फार लहान झालं असतं.

म्हणून तक्त्याचा शेवट पुन्हा लिहिला आहे. पहिल्या ओळीत आता बाई आहेत. बाबा हयातांत मोजलेले नाहीत, पण त्यांच्या बिनक्रमांकाच्या ओळीत मूळ कागदावर होतं तेच ठेवलं, मुलगी, वय चोवीस. सरकारी नोंद आहे, मी कोण बदलणार. सत्ताविसावी ओळ तुझी. तुझं नाव, मग आडनाव, मग नातं, मुलगी. अठ्ठाविसाव्या ओळीत मुंगीचं नाव, वय सात. आडनावाच्या रकान्यात दोन रेघा. नात्याच्या रकान्यात दोन रेघा. छत्तीस वर्षांच्या नोकरीत आणि नंतर मी ओढलेल्या या पहिल्याच. पहिली जोडी जरा वाकडी गेली आहे, दुसरी बरी जमली. शिक्का मी खणात टाकला. किराण्याच्या यादीवर काकूने आता माझा चष्म्याचा डबा ठेवला आहे.

संमतिपत्र सही करून सोबत जोडलं आहे. ‘सदर मुलगी ही आमच्या कुटुंबातली आहे असे मी प्रमाणित करतो’ याखाली तो एकोणऐंशी वर्षांपूर्वीचा दाखला पुरावा म्हणून लावला आहे, तळघरातल्या कारकुनाच्या सहीशिक्क्यासह. कचेरीतल्या बाईंनी विचारलंच तर सांग, आमच्या घरात यायची हीच जुनी वाट आहे. नोंद खरी आहे. ती तपासून मगच मी सही केली. तीस तारखेची वाट पाहू नकोस, पत्र मिळेल त्या दिवशी नेऊन दे. बालगृहालाही लिहून कळव की एकवीस नंबरचा पलंग दुसऱ्या कोणाला द्यावा.

प्रस्तावनेचं नाव बदललं आहे. नवं अजून सुचलेलं नाही.

येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने तुम्ही दोघी इकडे या, मग चौघं मिळून बाईंकडे जाऊ. काकूचा गुडघा येतो म्हणतोय. मूळ पावती मी मेणकापडात पुन्हा गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आहे आणि दिवसातून दोनदा चाचपून पाहतो. ती बाईंच्या हातात मुंगीने द्यावी असं माझ्या मनात आहे. तराजू मात्र लगेच आणायचाच असं नाही. बाईंना सोंगट्या येतात की नाही ते आधी पाहू. त्या म्हणाल्या की अजून दुरुस्त व्हायचाय, तर पुढच्या शनिवारी पुन्हा जाता येईल.

मुंगीने शाळेत शनिवारची सुट्टी मागावी. बाईंनी कारण विचारलं तर तराजूचं बघायला जायचंय, असं सांगू दे. तुला बोलावणं आलं तर मी येईन.

लोभ आहे. अठ्ठावीस ठिकाणी वाटून उरेल इतका आहे.

तुझा,
काका